नमुना गोठला, पुन्हा घ्यावा

३ मार्च

चौदाच्या चौदा एबी निगेटिव्ह! दोनदा तपासले. द्रावणाची नवी बाटली फोडली, तिसऱ्यांदा तपासले. तेच!

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणाऱ्या त्या कारखान्यातल्या कामगारांचं रक्त. दरवर्षी फक्त शिसं मोजायला येतं आणि दरवर्षी अगदी स्वच्छ निघतं. यंदा ओळखपत्रावर छापायला रक्तगटही मागितलाय – तिथेच फसले! शंभरात एकाचाही नसतो हा गट. एका आईची चौदा मुलं असती तरी हे जमलं नसतं.

म्हणजे एकाच माणसाचं रक्त चौदा ट्यूबांत. कोणाचं?

४ मार्च

डॉक्टरांना दाखवलं. लॅब त्यांची, रिपोर्टावर सही त्यांची. चष्मा कपाळावर सरकवून हसले. "चार ए, पाच बी, बाकी ओ कर. पसरव जरा." जसं काही पंगतीत वाढायचंय! त्यांना आश्चर्य वाटलं नाही, तेच मला खटकलं. ठाऊक होतं यांना. कधीपासून?

नमुने घेऊन येणारा माणूसही आज नजर चुकवत होता. की मलाच आता सगळे चोर दिसायला लागलेत?

५ मार्च

दोन दिवस एक गोष्ट लिहायची टाळतेय. दादा त्याच कारखान्यात सुपरवायझर आहे. आणि आमच्या घरात एकच जण एबी निगेटिव्ह. त्याच्या लग्नाआधी मीच तपासला होता गट.

वहिनीला सहज विचारल्यासारखं विचारलं, एवढ्या उकाड्यात दादा पूर्ण बाह्यांचे शर्ट का घालतो गं? "ऑफिसात एसी लावलाय म्हणे." त्या ऑफिसात पंखा धड फिरत नाही, हे दादाच रोज जेवताना ऐकवतो.

६ मार्च

रिपोर्ट झाले का – डॉक्टरांनी सकाळपासून तीनदा विचारलं. चौदाही फॉर्मवर लिहून टाकलं : नमुना गोठला, पुन्हा घ्यावा. आमच्या कामात या शेऱ्यापुढे कोणाचं काही चालत नाही. रक्त पुन्हा काढावंच लागतं. या वेळी काढायला मी जाणार.

८ मार्च

आज रक्त काढायला कारखान्यात गेले होते.

फाटकाला बाहेरून कुलूप. माणसं आत आणि कुलूप बाहेरून! मागचा ओढा गंजाच्या रंगाचा, काठावर गवताचं पातं नाही. श्वास घेतला तरी घसा जळत होता. फटीतून पाहिलं – नळावर एक माणूस. त्याला अर्धी बादली उचलेना, मनगटं लुळी पडलेली. मला बघून हसला तर हिरड्यांवर निळसर काळी रेघ. शिशाची रेघ! आजवर फक्त पुस्तकात पाहिली होती.

"ताई, बाहेर कोणता महिना चाललाय?"

मार्च, म्हटलं.

तेवढ्यात दादा आला, दंड धरून बाजूला घेऊन गेला. "गोठलंबिठलं काही नाही. तू गोठवलंस."

"आणि तू भरलंस!"

मग भडाभडा बोलला. कामगारांची कागदपत्रं, फोन सगळं मालकाच्या कपाटात. आजारी माणसाला घरी पाठवलं असं सांगतात, तो घरी पोचल्याचं कधी कळत नाही. "खरं रक्त पाठवलं तर तपासणीवाले यायच्या आत सगळ्यांना ट्रकमध्ये घालून दुसरीकडे नेतील. आधीच्या जागी तेच केलं. मी वाचवतोय त्यांना."

"ओढ्यातलं विष लपवायचं म्हणून माणसं लपवायची. माणसं लपवायची म्हणून तुझं रक्त. आणि याला वाचवणं म्हणतोस? लाज वाटते मला तुझी."

रक्त न काढताच परत आले. दादा स्वतःची नोकरी वाचवतोय, दुसरं काही नाही. सख्खा भाऊ – आणि त्याच्या एका शब्दावर विश्वास बसत नाही. रडू आलं बसमध्ये.

९ मार्च

दादा ताटावरून उठला. आई माझ्यावर डाफरली, "काय बोललीस गं त्याला?"

डॉक्टरांचं फर्मान – उद्या दुपारपर्यंत रिपोर्ट, नाहीतर दुसरी मुलगी बघतो. बघा, म्हटलं.

संध्याकाळी दादाने विचारलं, लॅब किती वाजता उघडते? का हवंय याला? ट्यूबा गायब करायचा बेत दिसतो. लॅबमध्ये परत जाऊन चौदाही पर्समध्ये घालून आणल्या, फ्रीजमध्ये भाजीखाली लपवल्या. बघू कशा सापडतात!

१० मार्च

लॅबच्या दारात रांग, पार कोपऱ्यापर्यंत. लुळ्या मनगटांचा तो सगळ्यात पुढे. एकेकाचं रक्त घेतलं, नाव लिहिलं. चौदा झाले तरी रांग संपेना.

"चौदा फक्त हजेरीपटावर, ताई. आम्ही एकोणचाळीस."

पहाटे कुलूप दादाने उघडलं. मालकाची माणसं धावून आली तेव्हा यांना पळा म्हणाला आणि स्वतः फाटकात आडवा उभा राहिला.

दादाचा फोन लागत नाही.