घरात माणसं किती

पुणे,
१२ जानेवारी २०२४

ती. श्रीपतकाकांस,
वैशालीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या वाडीत रेंज येत नाही म्हणून पत्र लिहावं लागतंय. ऑफिसात कळलं तर मला काचेच्या कपाटात ठेवतील.

सोबतचं जाड पाकीट बघून घाबरू नका. आमच्या सर्वेक्षणाच्या कंपनीकडे एका मोबाईल कंपनीचं काम आलंय. पोलादपूरच्या डोंगरात कुठल्या वाड्यांवर टॉवर परवडेल, हे त्यांना लोकांना विचारून ठरवायचंय. प्रश्नावली मी तयार केलीय आणि यादीत आपली वाडी मीच घुसवलीय. काकूच्या हृदयाचं दुखणं महाडच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. साधा फोन लावायला तासभर उतरून उमरठच्या वळणावर जावं लागतं. टॉवर आला तर १०८ची गाडी घरातून बोलावता येईल.

चौदा घरं, चौदा फॉर्म. नियम तीनच. प्रश्न आहे तसाच वाचायचा. उत्तर सुचवायचं नाही. समोरचा सांगेल तेच लिहायचं, तुम्हाला काही वेगळं माहीत असलं तरी. परीक्षेत पोरांच्या बाकाशी उभं राहून खोकायची तुमची सवय इथे चालणार नाही, मास्तर!

काकूला नमस्कार. लेकीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
वैशाली


वरची वाडी, पो. उमरठ,
३० जानेवारी २०२४

चि. वैशालीस,
अ. उ. आ.

चौदा फॉर्म भरून पाठवत आहे. एकदाही खोकलो नाही. चार दिवस गेले, कारण प्रत्येक घरी चहा झाल्याशिवाय कुणी पहिला प्रश्न ऐकून घेईना. चांगूनं तर आधी मलाच विचारून घेतलं की ही माणसांची मोजणी कशाला, जमीन तर जाणार नाय ना. त्याची समजूत घालण्यात एक सकाळ गेली.

घरात माणसं किती, या प्रश्नाला सुंदराबाईनं सात सांगितली. ती एकटी राहते हे तुला माहीत आहे. मी पेन थांबवलं तर चिडली. पोटापाण्यासाठी मुंबयला गेली म्हणून काय ती घरातली नाय, असं मलाच विचारू लागली. तिघा मुलांची, सुनांची ताटं फळीवर घासूनपुसून ठेवलेली असतात, ती तिनं मला उठून दाखवली. तुझ्या नियमाप्रमाणे सात लिहिले. बाकीच्यांनीही तसंच मोजलं. आपल्याकडे गेलेलं माणूस घरातून वजा करत नाहीत, ते फक्त बाहेर असतं.

तुझी काकू बरी आहे. तुझ्यासाठी कुळथाचं पीठ दळून ठेवलंय. पत्र पाठवत जा, म्हाताऱ्यांना तेवढंच.

तुझा,
श्रीपतकाका


पुणे,
९ फेब्रुवारी २०२४

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

फॉर्म मिळाले. अक्षर बघून ऑफिसातल्या दोघींनी विचारलं, छापून घेतलेत का?

पण घोळ झालाय. चौदा घरांत एक्क्याऐंशी माणसं निघाली! तुम्ही चुकला नाहीत, वाडीही खोटं बोलली नाही. प्रश्न चुकीचा होता आणि तो माझा होता. घर म्हणजे काय, हे मी पुण्यात बसून ठरवलं. म्हणून एकच प्रश्न बदलून पाठवते: गेल्या आठवडाभर या घरात रोज जेवणारी माणसं किती? तेवढ्यासाठी पुन्हा एक फेरी मारावी लागेल.

काका, खरं सांगते, तो आकडा तसाच पुढे ढकलावा असं दोन दिवस मनात होतं. कंपनीला वाडीत निदान पन्नास राहती माणसं हवीत. पण खोटा आकडा पकडला गेला तर माझी नोकरी जाईल, आणि उद्या माझ्या कुठल्याच कागदावर कुणी विश्वास ठेवणार नाही. मला हे जमलं नाही. रागावू नका.

माझ्यावरचा हात काढू नका, एवढंच.

तुमची,
वैशाली


वरची वाडी,
२४ फेब्रुवारी २०२४

चि. वैशालीस,
अ. उ. आ.

नवा प्रश्न विचारून झाला. एकोणीस. त्यात मी आणि तुझी काकू धरून.

या खेपेला चहा कुणी दिला नाही. सुंदराबाईनं फळीवरच्या ताटांकडे बघितलं. मग एक म्हणाली आणि आत निघून गेली. चांगूनं स्वतःला आणि बायकोला मोजलं, आणि मास्तरानं आज आमची पोरं मारली, असं कुडाकडे बघून बोलला. तीस वर्षं या लोकांची पोरं शिकवली, असं कुणी बोललं नव्हतं. फार लागलं.

खरं ते लिही, पोरीच्या नोकरीचा प्रश्न हाय, असं तुझी काकू म्हणाली. तेव्हा खरं तेच लिहिलंय. तू बरोबर वागलीस. आमची माया होती तेवढीच आहे.

तुझा,
श्रीपतकाका


पुणे,
२८ मार्च २०२४

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे. आपली वाडी यादीतून गेली.

एक वाट होती. माणसं कमी असली तरी, वर्षभरात फोनअभावी कुणाच्या जिवावर बेतलं असेल, तर ती वाडी कंपनी वेगळी विचारात घेणार होती. तसा प्रश्न मी मुद्दाम घातला होता. एका घरातून जरी होय आलं असतं तरी मी साहेबांशी भांडले असते. पण चौदाही घरांतून नाही असंच उत्तर आलं. अहवाल अचूक आहे म्हणून कंपनीनं माझं कौतुक केलं. घरी येऊन रडले.

मे महिन्यात येते आणि काकूला पुण्याला घेऊन जाते. नाही म्हणू देऊ नका. तोवर तिला चढण चढू देऊ नका.

मायेची भुकेली,
वैशाली


वरची वाडी,
८ मे २०२४

चि. वैशालीस,
अ. उ. आ.

तू काल गेलीस. तुझ्या तुळसाकाकूच्या तेराव्यापासून आठवडाभर माझ्यासमोर बसून सगळा दोष स्वतःवर घेत होतीस, आणि मी ऐकून घेत होतो. तोंडातून निघालं नाही ते लिहितो.

त्या दुपारी तिला कळ आली, चांगू वळणावर फोन लावायला धावला, आम्ही तिला डोलीत घालून उतरू लागलो, हे तू ऐकलंस. गाडी उमरठला येऊन उभी होती. आम्ही पोचलो तेव्हा तिला गाडीची गरज राहिली नव्हती. तेराव्याला मुंबईहून सगळे आले. अंगणात पंगत मावेना.

तुला हे सांगितलं नव्हतं. गेल्या श्रावणातही तिला अशीच कळ आली होती. ओढा भरला होता, खाली जाऊन फोन लावता येईना. रात्रभर नुसता हात धरून बसलो. पाणी ओसरल्यावर महाड गाठलं. डॉक्टरांनी दुखणं सांगितलं ते तेव्हाच.

फॉर्म भरताना मी आमच्या घरीही प्रश्न वाचले. ती भाकरी थापत होती. जिवावर बेतलं होतं का, याला ती म्हणाली नाय म्हणून लिहा, आपलं दुखणं परक्याच्या कागदावर कशाला, आणि वैशूला कळलं तर जिवाला घोर लागंल तिच्या. सांगेल तेच लिहायचं, हा तुझा नियम. पण नियमाचं नाव कशाला घेऊ? घरातलं चव्हाट्यावर जाऊ नये असं मलाही वाटत होतं. मी नाही असं लिहिलं, आणि पुढचा प्रश्न वाचला.

तू एका होयसाठी भांडायला तयार होतीस, वैशू. तो होय माझ्या घरात होता.

हे वाचून काकाचा राग आला तर तो तुझा हक्क आहे. पण माया आटू देऊ नकोस, पोरी. आता मागायला दुसरं कुणी नाही.

तुझा,
श्रीपतकाका