अळंबी झाडात का प्राण्यात

आळंदी,
५ डिसेंबर २०२४

चि. सुकन्यास दादाचा आशीर्वाद.

बारावीचा अभ्यास चालू असेल. बीडात थंडी पडली का? फोनवर तू "मुद्द्याचं बोल" म्हणतीस आन माझा मुद्दाच हरवतो, म्हणून लिहितोय.

मी अळंबीच्या शेडवर टिकलोय, खरंच. पिशव्यांत ओला भुसा भरून अंधारात टांगायचा, मग पांढऱ्या छत्र्या फुटतात. आमचा मुकादम तर त्यांच्याशी बोलतो. ते जाऊ दे.

दिवाळीला तू क्लासमुळं आली नव्हतीस. मी अळंबी घरी नेलती. आईनं दोनदा वाढून घेतली, "लई चवदार हाय" म्हणली. तर बंकटमामा हसत बोलला, "अक्का, हे मटणातच धरतेत." आईनं जेवता जेवता गळ्यातली तुळशीची माळ काढली आन देवापुढं ठेवली. माळकरी बाईनं मांस खाल्लं म्हणून. तवापासून ती माळही घालत न्हाई, माझा फोनही घेत न्हाई. मी घरी यावं का न्हाई, तेच कळंना.

तू मागं सांगितलंस, अळंबी झाडात येत न्हाई, कारण स्वतःचं अन्न स्वतः करत न्हाई. प्राण्यातही येत न्हाई. कवकांची सृष्टी वेगळी. मी हे मनिषाला सांगितलं तर ती म्हणती, "मग दह्यातले जंतू कशात? ते तर जिवंत असतेत." आई रोज दही खाती. आता काय सांगावं?

मनिषा इथंच भुसा भरती. उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत जन्मली, आई बाळंतपणात गेली, ऊसतोडीच्या टोळीतल्या बायांनी वाढवली. गाव कोणतं, कुणाची, तिला सांगता येत न्हाई. आपली आई पहिलं तेच विचारील.

गेल्या आठवड्यात आमी इथं आळंदीत एकमेकांना हार घातले. हे लिहायला एवढा कागद गेला बघ.

आईला आधी अळंबीचं नीट समजव. ते पटलं, तर दुसरं सांग. दोन्ही पटलं तर आमी दोघं येऊ.

सोबत नवी तुळशीची माळ हाय, आईला दे. मणी मनिषानं ओवलेत. हे सांगून द्यायची का न सांगता, मला ठरवता येईना.

तुझा दादा,
अंगद