रेडिओच्या कपाटाची चावी

आबा,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हा गरज पडली नाही, कारण सासर लोणावळ्यातच होतं, आणि आपल्यात बोलणं असं फारसं झालंच नाही. तुम्ही सांगायचं, आम्ही ऐकायचं, एवढाच आपला व्यवहार. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मी सांगते आणि तुम्ही ऐका. मध्येच उठून ड्युटीला जाता येणार नाही तुम्हाला, हे एक बरं आहे.

निमित्त झालं घरातल्या मोबाइलचं. माझी नात सातवीत आहे. जेवताना मोबाइल, अभ्यासाला मोबाइल, अंथरुणातही मोबाइल. शेवटी तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, मागच्या महिन्यात सगळ्यांना टेबलाभोवती बसवून नियम केले. जेवताना फोन नाही, अंथरुणात नाही, अभ्यास झाल्यावर थोडा वेळ. नियमांना माझी हरकत नव्हती. पोरगी मान वर करून बोलायचंच विसरली होती. मोडला नियम तर फोन आठ दिवस आजीच्या कपाटात, असंही ठरलं. आजीच का, तर म्हणे आजी कडक आहे. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला बरं वाटलं. पोरीने व्हायचं तेच केलं, पांघरुणात फोन घेऊन सापडली, आणि फोन माझ्या कपाटात, चावी माझ्या कमरेला आली. मग एका दुपारी ती माझ्या खोलीत आली. मैत्रिणीने काहीतरी पाठवलं होतं, तेवढं एकदाच बघायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "नाही म्हणजे नाही. आठ दिवस म्हणजे आठ दिवस." आवाज माझा होता आणि वाक्य तुमचं होतं. ती निघून गेली, आणि मी कपाटाला टेकून उभी राहिले. मला राग आला, आबा, आणि तो तुमचा आला.

पासष्ट-सहासष्ट साल असेल. आपण लोणावळ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो आणि तुम्ही बँकरवर होतात. नातीला सांगायचं तर बँकर म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते: कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि गाडीला ढकलत घाट चढवून वर आणतात, ते बँकर. तुम्ही रेडिओ आणलात तेव्हा सगळी चाळ बघायला आली होती. छपरावर एरियलची तांब्याची जाळी बांधली, आईने रुमालावर मोर काढून तो वरून घातला, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी नियम सांगितलेत. बटनाला हात फक्त तुमचा. बातम्या, शेतीचं सांगतात ते, आणि गुरुवारी भजन. पोरांनी तेवढं ऐकायचं आणि अभ्यासाला बसायचं. दुसऱ्याच्या दारात उभं राहून रेडिओ ऐकायचा नाही, कारण आपल्या घरी आहे आणि लोक काय म्हणतील. तुम्ही नसताना रेडिओ बंद. एवढ्यावर तुमचं समाधान झालं नाही म्हणून इंजिनांच्या शेडमधल्या सुताराकडून त्याला लाकडी कपाट करून घेतलंत, दोन दारांचं, कुलपाचं. कुलूप मात्र लावत नव्हतात. ते नुसतं कोयंड्याला लटकत असायचं, आणि चावी तुमच्या करगोट्याला.

नियम म्हणे पोरांसाठी होते. पण पोर मी एकटी, आणि तीही दिवसभर शाळेत. घरात होती ती आई. दुपारी बायकांचा कार्यक्रम लागायचा, त्यात कुणी ओव्या म्हणायचं, कुणी मसाल्याचं सांगायचं. पवनेकाठच्या खेड्यातून या दोन खोल्यांत आलेली बाई ती, तिला बोलायला माणूस नव्हतं. ती तो कार्यक्रम चोरून ऐकायची. चोरून म्हणजे किती, तर तुम्ही आल्यावर पायातले बूट काढायच्या आधी रेडिओच्या पाठीवर तळहात ठेवून बघायचात, पोराला ताप आहे का बघतात तसा. जुना सेट तो, चालला की तापायचा. आई त्यावर उपाय करून बसली होती. तुम्ही यायच्या बऱ्याच आधी ती रेडिओ बंद करायची आणि सुपाने त्याला वारा घालायची. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याच्या रेडिओला वारा घालत बसलेली माझी आई मला आजही दिसते. तेव्हा आम्ही दोघी त्यावर हसायचो. "थांब गं, सायबाचा ताप उतरू दे," म्हणायची.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. आम्ही दोघी ऐकत बसलोय, आणि कुठली तरी मालगाडी रद्द होऊन तुम्ही भरदुपारी अंगणात. आईने बटन फिरवलं आणि घाबरून सुपाऐवजी ओलं फडकंच फिरवलं सेटवरून. तुम्ही आत आलात, हात ठेवलात. रेडिओ गरम, वर ओला, आणि रुमालावरचा मोर चिंब. आईचं तोंड मी पाहिलं आणि म्हणाले, "मी लावला." तुम्ही कपाटाची दारं लावलीत, पहिल्यांदाच कुलूप घातलंत आणि म्हणालात, "आट दिस रेडू बंद." मला त्याचं काही वाटलं नाही. आई वाचली म्हणून मी मनातल्या मनात खूशच होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी सांगितलं की आमचं गाणं येत्या रविवारी सकाळी लागणार. तुम्हाला गाण्याचं ठाऊक होतं. महिन्याभरापूर्वी बाई आम्हा मुलींना पुण्याच्या रेडिओ केंद्रावर घेऊन गेल्या होत्या, आणि तुम्हीच सही देऊन पाठवलं होतंत. बाईंनी स्वतः रचलेलं भातलावणीचं गाणं होतं, आणि त्यातलं तिसरं कडवं मी एकटीने म्हणायचं होतं. तिथे भिंतींना भोकाभोकाच्या पट्ट्या लावलेल्या, पाय वाजू नये म्हणून जाजम, आणि समोर तो मायक्रोफोन. पहिली ओळ नीट गेली. दुसरी लांब होती, तिच्या शेवटाला माझा श्वास संपत आला आणि मला वाटलं, शेवटचं अक्षर तुटलं. बाई म्हणाल्या, "छान झालं." पण बाई सगळ्यांनाच छान म्हणायच्या. म्हणून मला ते ऐकायचं होतं. आणि आईने ते ऐकावं असं वाटत होतं, कारण मला गायला शिकवलं होतं तिने, जात्यावर बसून.

तुम्ही जेवत होतात तेव्हा मी विचारलं. तुम्ही घास खाली न ठेवता म्हणालात, "न्हाई म्हंजे न्हाई. आट दिस म्हंजे आट दिस."

मग आई बोलली. तुमच्यासमोर ती कधी बोलत नसे, त्या दिवशी बोलली. "आवं, रेडू म्या लावलता. पोरीनं माजं आपल्या अंगावर घेतलं. मला काय ती शिक्षा करा, पर तिचं गानं हाय. पयलंच हाय."

तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. मला वाटलं, सुटलो. तुम्ही म्हणालात, "मंग दोगींला मिळून आट दिस," आणि ताटात हात धुतलात.

रविवारी तुम्ही पहाटेच कर्जतला उतरलात. चावी तुमच्याबरोबर उतरली. वेळ जवळ आली तशी आईने माझा हात धरला आणि शेजारच्या मावशींच्या पायरीपर्यंत नेलं. आत रेडिओ चालू होता. आईने एक पाय पायरीवर ठेवला आणि तशीच थांबली. चाळीत काही लपत नाही, संध्याकाळपर्यंत तुमच्या कानावर गेलंच असतं. तिने पाय मागे घेतला. आम्ही घरात आलो आणि मधल्या भिंतीला कान लावून उभ्या राहिलो. पलीकडे मावशींनी नेमका स्टोव्ह पेटवलेला. तो भरभर आवाज, आणि त्याच्यामागे कुठेतरी मुली गातायत असं वाटावं एवढंच. तिसरं कडवं कधी आलं आणि कधी गेलं ते मला कळलं नाही. आई म्हणाली, "तुजाच आवाज हाय गं." तिला काही ऐकू आलं नव्हतं. पुढे मरेपर्यंत ती सगळ्यांना सांगायची, "म्या ऐकलाय माज्या लेकीला रेडूवर," आणि मी मान हलवायची.

दुपारी तुम्ही आलात. मी उंबऱ्यात बसले होते, तुमच्या तोंडाकडे बघत. तुम्ही बूट काढलेत, हातपाय धुतलेत, भाकरी मागितलीत, ठेचा जास्त तिखट झालाय म्हणालात, आणि आईला म्हणालात, "पोरीला अब्यासाला बसव." तेवढंच. ठरल्या दिवशी तुम्ही कपाट उघडलंत आणि बातम्या लावल्यात. त्यानंतर मी घरात गायले नाही. गाऊ नको असा तुमचा नियम नव्हता, तो मी माझा केला. पुढच्या वर्षी बाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा घसा बसतो म्हणून सांगितलं.

मी तुम्हाला समजून घ्यायचा प्रयत्न केला, आबा. नाही असं नाही. घाटात ब्रेकचा एक नियम चुकला की गाडी दरीत, हे ऐकत मी मोठी झाले. तुमच्या हाती रोज शेकडो जीव होते, आणि नियमाने वागलात म्हणून ते सुखरूप वर आले. हे मी मानते. पण आपलं घर काही उतारावर उभं नव्हतं. दोन बायका आणि एक रेडिओ, कुठे घसरत जाणार होतो आम्ही? अशी मनाची समजूत घालून मी पुष्कळ वर्षं काढली. माणूस कडक होता, मला ऐकू दिलं नाही, पण त्यानेही ऐकलं नाही, नियम सगळ्यांना सारखा. तेवढाच एक आधार होता.

तुमच्या दहाव्याला तोही गेला. तुमच्याबरोबर बँकरवर असलेले एक म्हातारे भाऊ आले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "तू गानारी न्हवं? आमी समद्यांनी ऐकलंय तुला. कर्जतच्या रनिंग रूममदी, आमी ड्युटीवाली इसावा घ्यायचो तितं. तुज्या बापानं समद्यांला गप केलं. सैपाक्याला भांडं वाजवू दिलं न्हाई. रेडूम्होरं हुबा ऱ्हायला आन तुजं कडवं आलं तवा म्हनला, ही माजी पोर. डोळं पुसलंन त्यानं, मी बगितलंय. लय जीव हुता त्याचा तुज्यावर."

सगळ्यांचे डोळे भरून आले. आत्या म्हणाली, बघ, कसा होता तुझा बाप. मी उठून मागच्या अंगणात गेले. लोकांना वाटलं, रडायला गेली. आबा, त्या क्षणी तुम्ही समोर असता तर काय बोलले असते ते लिहवत नाही. तुम्ही ऐकलंत! चावी कमरेला बांधून, गडी जमवून, सगळ्यांना गप्प बसवून तुम्ही ऐकलंत. कुलूप आमच्यासाठी. तुमच्यासाठी कर्जतला सताड उघडा रेडिओ. आणि डोळे पुसून वर आलात ते ठेचा तिखट म्हणायला! परक्या माणसांना सांगितलंत, ही माझी पोर. पोर उंबऱ्यात बसली होती, तिला का नाही सांगितलंत? आईला तरी सांगायचं. ती बिचारी भिंतीतून ऐकलेला स्टोव्ह आयुष्यभर माझं गाणं म्हणून सांगत राहिली, आणि खरं ऐकलेला माणूस तिच्याच शेजारी बसून जेवत होता. सांगितलं असतंत तर नियमाचा मान गेला असता. तो तुम्ही राखलात. मायेचा पुरावा म्हणून लोक मला ती गोष्ट सांगतात, आणि मला त्यावरूनच तुमचा सगळ्यात जास्त राग येतो.

तर त्या दुपारी कपाटाला टेकून उभी होते तेव्हा हे सगळं वर आलं. संध्याकाळी मी मुलाला सांगितलं, शिक्षेचे दिवस मी मोडत नाही, पण पोरीला काय बघायचंय ते ती माझ्यासमोर बघेल आणि फोन परत ठेवेल. आणि नियम करणाऱ्यालाही तोच नियम. जेवताना तुझाही फोन माझ्या कपाटात. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. ऑफिसचं काम असतं म्हणाला. मी म्हटलं, तिचंही काहीतरी असतं. आता रोज ताटं वाढली की दोन फोन माझ्याकडे येतात. नात बापाच्या फोनवर पहारा ठेवते. मैत्रिणीने काय पाठवलं होतं ते मीही तिच्याबरोबर पाहिलं. मांजराच्या पिल्लाचं काहीतरी होतं, पाच मिनिटांत संपलं. एवढंच असतं, आबा. पाच मिनिटांचं काम असतं.

हे पत्र मी कुठे पाठवणार? रेडिओचं ते कपाट अजून आहे, त्यात आता औषधं असतात, त्यातच ठेवीन. बसले होते तुम्हाला चार शब्द सुनावायला. सुनावलेही. पण इतका वेळ एक गोष्ट टाळतेय, ती आता लिहून टाकते. रेडिओवरचा माझा आवाज घरातल्या एकाच माणसाने ऐकलाय, आणि ते तुम्ही आहात. आई गेली, बाई गेल्या, बरोबरच्या मुलींना कुणाला आठवत नाही. मला अजून कधी कधी घास घेताघेता वाटतं की दुसऱ्या ओळीच्या शेवटी अक्षर तुटलं होतं. तुम्ही तर भांडंसुद्धा वाजू दिलं नव्हतंत. माझा श्वास पुरला होता का, आबा?