पुढच्या खोलीतली माती

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
निर्णय पक्का. पुढची खोली संपूर्ण नैसर्गिक करायची. ही लेकीकडे गेली आहे, नातवासाठी. पंधरा दिवस म्हणून गेली, आज एकेचाळीसावा. (मी मोजत नाही. कॅलेंडर समोरच टांगलंय.) तीस तारखेला येणार. पण लेक फोनवर म्हणाली, आई इथे रमलीय, चार दिवस घर बघून परत येते म्हणतेय. म्हणजे हिचा पाय निघणार नाही असं घर करणं आलं. दाताच्या डॉक्टरांकडे मासिकात वाचलं: माती, बांबू, काथ्या. पान फाडून आणलं. त्यांनी माझे दोन दात ठेवून घेतलेत, एका पानाचं काय एवढं!
ही मातीच्या घरात वाढली. त्या घराबद्दल कधी चकार शब्द काढत नाही. ते सुटल्याचं दुःखच तेवढं खोल असणार.

४ मार्च, मंगळवार
आज प्रत्यक्ष काम नाही. चौथीच्या पुस्तकातली मातीच्या घराची कविता आठवत येरझाऱ्या घातल्या. दोन कडवी आली, तिसरं अडलं.
हिने मला होकार दिला तो या कवितेमुळे. बेचाळीस वर्षांपूर्वी, याच खोलीत. तिच्या काकांबरोबर आली होती. मी उभा राहून तिन्ही कडवी म्हटली. सगळा वेळ ही मान खाली घालून जमिनीकडे बघत होती. काय लाजली होती!

७ मार्च, शुक्रवार
बांबूवाल्याकडे गेलो. बाकाची ऑर्डर दिली. तो म्हणाला, काका, बांबू ओला आहे, तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा, एप्रिलअखेर या. मी म्हटलं, एप्रिलअखेर बाकावर मी एकटाच बसेन. तो म्हणाला, मग कीड लागली तर माझ्या नावाने ओरडू नका. कारागीर माणसं फार घाबरवतात.
बांबू तसाच आणला. न्हाणीघरात बादलीत बुडवला. एका टोकाने अर्धा तास, दुसऱ्या टोकाने अर्धा तास. तत्त्व तेच.

१२ मार्च, बुधवार
सोफा भंगारवाल्याला दिला. प्लॅस्टिकच्या खुर्च्याही. तो दोनदा म्हणाला, आजोबा, घरात विचारलंत का? मी म्हटलं, सरप्राइज आहे. तो म्हणाला, आमच्या वडिलांनीही एकदा दिलं होतं. आणि भराभरा टेम्पो भरायला लागला.

१५ मार्च, शनिवार
जमीन झाली! माती, गव्हाचा भुसा, पाणी. फरशीवर दोन बोटं थर. गुडघे गेले, पण काय तो वास! फरशी नाहीशी झाली एकदाची. करडी, निर्जीव, दवाखान्यासारखी.
ठराव: रोज सकाळी एक तास कविता पाठ करणे.

१९ मार्च, बुधवार
जमिनीला भेगा. म्हणून दिवसातून चारदा पाणी शिंपडतो. वास टिकतो, मलाही उद्योग. कविता राहिली. एका जागी बसवतच नाही. बसायला जागाही नाही म्हणा.

२३ मार्च, रविवार
बाक तयार! स्वतः बांधला, काथ्याने. जरासा डावीकडे कलतो. मी उजवीकडे बसेन.
हिचा फोन. विचारलं, जेवण वेळेवर होतं का, औषध घेता का, आणि आवाज असा घुमतोय का? मी म्हटलं, खोली मोकळी केलीय. ती म्हणाली, बरं केलंत. कधी नव्हे ते कौतुक!

२६ मार्च, बुधवार. सकाळी ६.
जमिनीतून हिरवे कोंब! भुशात दाणे होते वाटतं. मी रडलोच. आपल्या घराला पालवी फुटली! मासिकातसुद्धा हे नाही. बाकाखाली बारीक पिवळी पूड पडते, परागकणांसारखी. रोज झाडतो, रोज पडते. बाक आतून कुरकुरतो. जिवंत वस्तूचं लक्षण.

२९ मार्च, शनिवार
गहू बोटभर. पूड वाटीभर. तिसरं कडवं अजून नाही. हरकत नाही, हिला बघून आठवेल. तीनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. ती उद्या येणार आहे, हे माहीत असूनही.

३० मार्च, रविवार
ही आली. दारातच थांबली. चपला काढल्या, परत घातल्या. म्हणाली, अहो, फरशी कुठे गेली?
मी उभा राहून कविता सुरू केली. दुसऱ्या कडव्याला ही बाकावर टेकली, तशी बाकासकट अलगद खाली गेली. काही लागलं नाही, खाली गहू होता.
तिथेच बसून म्हणाली, आईच्या घरी दर आठवड्याला सगळी जमीन मी सारवायची. सातव्या वर्षापासून. बोटांच्या चिरा लग्नापर्यंत भरल्या नव्हत्या. मी विचारलं, मग कधी बोलली का नाहीस? ती म्हणाली, सुटले होते ना, कशाला बोलू?
मी म्हटलं, पण त्या दिवशी माझी कविता ऐकून...
ती म्हणाली, कुठली कविता? मी फरशी बघत होते. मनात म्हटलं, ओल्या फडक्याने एकदा पुसली की झालं. या घरी हो म्हणायचं.
बॅग दारातच ठेवली. न्हाणीघरातलं स्टूल आणून अंगणात बसली.

३१ मार्च, सोमवार
सकाळी सहापासून खरवडतोय. बांबूवाल्याला काही कळवणार नाही. तिसरं कडवं आठवलं, पण म्हटलं नाही.
चारच्या सुमारास पहिली फरशी दिसली. ओल्या फडक्याने पुसली. करडी, मधोमध निळा ठिपका. बेचाळीस वर्षांत मी ती नीट पाहिलीच नव्हती.
पाच फरश्या झाल्यावर ही आत आली. बॅग त्या पाचांवर ठेवली आणि उघडली.