तोलाचा गडी

सरावली, २ डिसेंबर २०२४

ती. स्व. भगवंतमामांस,
दीपालीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुमच्याशी ओरडून माझा घसा बसतो आणि मोबाईलवरची अक्षरं वाचायला तुम्ही तयार नाही, तेव्हा आपलं पोस्टच बरं. बातमी अशी, की तुमच्या भाच्याने किताब राखला! बोईसरचा बॉक्सिंगचा हेवीवेट पट्टा तिसऱ्यांदा आपल्याच खुंटीला आला. आई येता-जाता तो पदराने पुसते.

या वेळचा आव्हानवीर डहाणूचा रामा, बोटीवर जाळी ओढणारा. अंकुशने त्याला सहाव्या फेरीत आडवा केला. पण मध्ये एक घोळ झाला. चौथ्या फेरीची घंटा वाजून गेली तरी अंकुश मारतच राहिला. पंचांनी मध्ये पडून धरला, एक गुण कापला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, म्हणाले की वाघ पेटलाय. मला मात्र धस्स झालं हो. आपला अंकुश एवढा रागीट कधीच नव्हता.

बाकी माझी लॅबमधली पाळी बदलली, आता सकाळची आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? आई म्हणते, भावाने बहिणीला विसरायचं ठरवलंय का, ते एकदा लिहून तरी कळवावं. तुमची माया आहे तशी असू द्या.

आपली,
दीपाली


सफाळे, ७ डिसेंबर २०२४

चि. दीपालीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पट्टा राहिला, आनंद झाला. पण पोरी, खरं बोलू का? हे आव्हानवीर तो लढती भरवणारा धर्मेशशेठ कुठून वेचून आणतो? पहिला भिका, वाड्याचा हमाल. अंगाने रेडा, पण हात उचलला की सगळी छाती उघडी. दुसरा तो जिममधला दादू, आरशासमोर लढून तयार झालेला, त्याला दुसऱ्याच फेरीत धाप लागली. आणि आता हा रामा. जाळं ओढणाऱ्याच्या खांद्यात जोर असतो, मान्य. पायांचं काय? बोटीवर कुणी पाय नाचवतं का?

आणि असल्याला पाडायला सहा फेऱ्या! आमच्या वेळी असले तिघे सकाळी उरकून आम्ही जेवायला घरी यायचो. उंदीर मारायचे आणि वाघाचं कातडं म्हणून टांगायचे, त्यातली गत. वापीचा तो गडी आहे ना, उंच, डाव्या हाताचा, त्याला म्हणतात तोलाचा माणूस. त्याच्यापुढे उभा राहिला तर मी अंकुशला मानेन. घंटेनंतर मारलं हे चुकलंच, पण पोरगा पेटला हे वाचून बरं वाटलं.

परसातला वाल फुलावर आलाय. शेंगा भरल्या की तुझ्या आईला धाडतो. तिला म्हणावं, विसरलो असतो तर शेंगा कुणासाठी राखल्या असत्या? म्हाताऱ्याच्या तिखट जिभेला हसा आणि सोडून द्या.

तुझा,
भगवंतमामा


सरावली, १५ डिसेंबर २०२४

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, काय लिहून बसलात! आईला वाचता येत नाही, म्हणून आपल्याकडे पत्र जेवताना सगळ्यांपुढे मोठ्याने वाचतात, हे तुम्हाला ठाऊक नाही का? वाचण्याच्या भरात उंदीर तोंडातून निघून गेले, मग मला कळलं. अंकुश पलीकडे बसून ऐकत होता. हल्ली तो अगदी तुमच्यासारखा बसतो, मान तिरकी, उजवा कान पुढे. आई म्हणालीसुद्धा, की मामा-भाचे एकाच साच्यातले. पत्र संपलं तसा तो ताटातला भात तसाच टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर सरळ धर्मेशशेठकडे गेला आणि वापीच्या गड्याशी लढत ठरवून आला. रविवार, बारा जानेवारी. गावभर फलक लागलेत.

आता माझंही ऐका. तुम्ही एकाही लढतीला नव्हता. भिकाच्या एका ठोशाने अंकुशचा डोळा आठवडाभर मिटलेला होता. रामाने त्याच्या कानाखाली हाणला, तो आवाज मला पार मागच्या खुर्चीत ऐकू आला. माझ्या शेजारच्या बाईने डोळे झाकले. कुणाला उंदीर म्हणता तुम्ही?

घरातही तो हरवल्यासारखा असतो. टीव्ही एवढा मोठा लावतो, की शेजारचे भिंत ठोकतात. डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटतो आणि वर चौकटीवरच चिडतो. परवा शेजाऱ्यांच्या दाराला आपली किल्ली लावत उभा होता. मी म्हटलं, कंपनीतल्या यंत्रांच्या आवाजाने डोकं भणभणत असेल. मामा, त्याच्या मनाला शांत वाटेल अशा चार ओळी लिहा ना. तुमचं तो ऐकतो.

तुमच्यावर रागावलेली, तरी तुमचीच,
दीपाली


सफाळे, ६ जानेवारी २०२५

चि. दीपालीस, अनेक आशीर्वाद.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पालघरला होतो. काल घरी आलो तर तुझं पत्र दाराच्या फटीत.

एवढा भाग सगळ्यांपुढे वाच. मी रामाविषयी लिहिलं ते चहाटळपणाने लिहिलं. जाळं ओढणाऱ्याचा ठोसा पहारीसारखा असतो. भिका, दादू, रामा, तिघेही तोलाचे होते, आणि तिघांना हरवणारा अंकुश माझ्यापेक्षा सरस आहे. त्याने आता पट्टा मानाने सोडावा. कुणी हसणार नाही.

इथून पुढचं फक्त तू वाच. पोरी, माझा डावा कान कुणा नामांकिताने घालवला नाही. एका साध्या गड्याने घालवला. त्याला मी तिसऱ्या फेरीत लोळवला आणि त्याचं नावसुद्धा मला आठवत नाही. त्यानंतर मी मान तिरकी करायला लागलो, तेव्हा लोक म्हणाले, काय रुबाब आलाय! मलाही खरं वाटलं. तसाच लढत राहिलो. पुढे तोल जायला लागला, आणि मग दुसराही कान गेला.

अंकुश त्या दिवशी पेटला नव्हता गं. त्याला घंटा ऐकूच आली नव्हती.

त्याला रिंगणात जाऊ देऊ नकोस. कानाच्या डॉक्टरकडे ने, वाटेल ते खोटं सांग, पट्टा लपव, पण थांबव. शेजारच्या धीरजकडून फोन करवला, तो अंकुशनेच उचलला. मामांचं तिकीट राखलंय म्हणाला. असली गोष्ट तिऱ्हाइताच्या तोंडून सांगवत नाही, म्हणून लिहितोय. माझ्या जिभेने लावलेली आग आहे. मला फार भीती वाटते.

काठी धरून रविवारी येतोच आहे. त्याआधी तू त्याला घरात धरून ठेव.

तुझा,
भगवंतमामा


सरावली, ८ जानेवारी २०२५

ती. मामांस,
अंकुशचा नमस्कार.

पत्र लिहायची सवय नाय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. तुमचं पत्र पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. मी रात्रपाळी करून आलो होतो, ताई कामावर गेलेली. ताई हल्ली फार हळू वाचते, निम्मं समजत नाय, म्हणून म्हटलं आपणच वाचू. तिच्यासाठी लिहिलेलं होतं तेपण वाचलं. रागवू नका.

रामाला तुमी आता वाघ केलात. महिन्याभरात उंदराचा वाघ होत नाय, मामा. तुमचं पहिलं पत्रच खरं. कंपनीतली पोरंपण तेच बोलतात, मुद्दाम माझ्या डाव्या बाजूला उभी राहून. त्यांना वाटतं मला ऐकू येत नाय. येत नायच, पण तोंडं तर दिसतात ना.

घंटेचं तुमी बरोबर ओळखलंत. धर्मेशशेठचा डॉक्टर नाडी बघतो, डोळ्यांपुढे बोटं नाचवतो. कान कोण बघत नाय.

तुमचं पत्र ताईला दिलेलं नाय. आईला सांगितलं, मामांनी आशीर्वाद कळवलाय आणि शेंगा भरत आल्यात. ती खूश झाली.

वापीचा तोलाचा हाय, हे तुमीच लिहिलंत. त्याला पाडला तर मला मानाल, हेपण तुमीच लिहिलंत. लहानपणापासून मला तेवढंच पायजे होतं. पट्ट्याचं काय, तो खुंटीलाच असतो.

रविवारी माझ्या कोपऱ्यात उजव्या बाजूला बसा. घंटा झाली की हात वर करा. मी मधूनमधून तुमच्याकडे बघत राहीन, म्हणजे थांबायचं कधी ते मला कळेल.

आता लिहिता लिहिता आठवलं, घंटा तुमालाही ऐकू येणार नाय. तरी या.

माझ्यावरचा लोभ रविवारनंतरही असाच ठेवा.

तुमचा भाचा,
अंकुश