रविवारीच भरलेला आठवडा

२ मे, रविवार, सकाळी ९

दारू सोडून ३३० दिवस. समुपदेशक बाईंनी एक तक्ता दिलाय. चार रकाने : मूड (१ ते १०), वेदना (१ ते १०), झोप किती तास, दारू घेतली का. रोज भरायचा म्हणे. रोज कशाला? संधिवाताने बोटं आखडतात. पेन सात वेळा धरण्यापेक्षा एकदाच धरलं तर सांध्यांनाही विश्रांती. म्हणून अख्खा आठवडा आत्ताच भरून टाकला. मूड ८, वेदना २, झोप ७. याला लबाडी म्हणत नाहीत, नियोजन म्हणतात. ध्येय आधी लिहिलं की मन तिकडे वळतं, असं मी गेल्या महिन्यात प्रुफं तपासलेल्या एका पुस्तकात होतं. पुस्तकात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फार होत्या, पण विचार चांगला होता.

दारूचा रकाना मात्र दिवस संपल्यावरच भरायचा. त्याच्याशी खेळ नको.

३५ दिवस राहिले. ६ जूनला वर्ष पुरं. त्या दिवशी ताई भाचीला, स्वल्पूला, माझ्याकडे सोडणार. दहा ते पाच. फक्त मी आणि ती.

५ मे, बुधवार

सकाळी शर्टाची बटणं लागेनात. काजंच लहान शिवलीत. टी-शर्ट घालून ऑफिसला गेले. तक्त्यात वेदना २ आहे. खोडून ५ करणार होते, पण माझे वडील, अण्णा, आठवले. लहानपणीच माझे सांधे धरले म्हणून तिसरीपर्यंत अण्णांनीच घरी शिकवलं. स्वतः जन्मभर प्रूफरीडर. त्यांचे दोन नियम : रकाना रिकामा ठेवायचा नाही, आणि खाडाखोड करायची नाही. तेव्हा २.

भाचीचं नावही त्यांनीच ठेवलं. बोलताना ती प्रत्येक वाक्यात ‘मग’ म्हणून थांबते, म्हणून स्वल्पविराम. म्हणजे स्वल्पू.

९ मे, रविवार

समुपदेशक बाई खूश. म्हणाल्या, तुमची प्रगती इतकी सरळ रेषेत आहे की मलाच आश्चर्य वाटतंय. मलाही वाटलं. पुढचा आठवडा भरला. मूड ८ ते ९. एका दिवशी ७ टाकला, खरं वाटावं म्हणून. म्हणजे, खरं आहेच.

१३ मे, गुरुवार

ऑफिसच्या बाथरूममध्ये वीस मिनिटं रडले. कारण काही नाही. कंपोझिटरने विचारलं, तर डोळे आलेत म्हणाले. आता तो माझ्या टेबलापासून चार हात लांब उभा राहून कागद पुढे करतो. तक्त्यात आज मूड ९. रडून झाल्यावर बरं वाटलं, म्हणजे ९ बरोबरच आहे.

दारू : नाही.

१८ मे, मंगळवार

सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेले. समुपदेशक बाईंनी तक्ते त्यांना पाठवले होते. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली. मी ब्रही काढला नाही. मग त्या म्हणाल्या, छान, गोळी निम्मी करू या, फारच बरं चाललंय तुमचं. मी थँक यू म्हणाले. दारापर्यंत गेले, परत वळले, आणि छत्री विसरल्यासारखं केलं. छत्री आणलीच नव्हती.

आता वेदना २ होती हे सांगून परत ६ होती कसं सांगणार? शिवाय एक रकाना खोटा ठरला की शेवटच्या रकान्यावर कोण विश्वास ठेवील? तेवढा एकच तर मी रोज भरते.

ठरलं. निम्म्या गोळीत पूर्ण बरं व्हायचं.

२० मे, गुरुवार

संध्याकाळी गटाची मीटिंग. कंडक्टर काका, रिटायर्ड, अकरा वर्षं दारू सोडलेले, माझ्या तक्त्यात डोकावले. उद्याच्या भरलेल्या मूडवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “पोरी, उद्याचं तिकीट आज फाडत नाहीत. गाडी निघते का नाही, कुणाला माहीत.” काका बसच्या बाहेर विचारच करू शकत नाहीत. माणूस चांगला आहे.

२८ मे, शुक्रवार

गुडघे सुजलेत. चार दिवस घरून काम. हवा बदलतेय. जॅमची बाटली दाराच्या फटीत धरून उघडायचा प्रयत्न केला. बाटली उघडली नाही, दार आता नीट लागत नाही.

ताईचा फोन आला. आवाज का असा, तिने विचारलं. झोपेतून उठले, म्हणाले. दुपारचे बारा वाजले होते.

तक्ता फ्रिजवर लावलाय. ताई येईल तेव्हा आपोआप दिसेल. मी मुद्दाम दाखवणार नाही.

६ जून, रविवार, सकाळी ७

३६५. आजच्या तारखेपुढे आधीच लिहून ठेवलंय : मूड १०, वेदना १, झोप ८. शेवटचा रकाना संध्याकाळी भरीन. ताई स्वल्पूला न्यायला आली की, तिच्यासमोर. रंगीत खडू आणलेत. दुपारी एक ते दीड गोष्ट, मग चित्रं. पण सगळ्यात आधी मी तिला सॉरी म्हणणार. गेल्या वर्षी ती शाळेच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन दोन तास बसली होती. मी आणायला जायचं होतं. मी प्यायले होते. ताई तेव्हा ओरडली नाही. एक वर्ष, एवढंच म्हणाली.

त्याच दिवशी, १०.४०

घंटी वाजली. दारापर्यंत भिंत धरत गेले. कडी निघेना, दोनदा हात घसरला. दार उघडलं आणि गुडघा दुमडला, कपाट धरलं, खडू सांडले. ताई बघत राहिली. मी म्हणाले, सांधे गं. ती आत आली, फ्रिजसमोर थांबली.

“वेदना एक,” तिने वाचलं. “मूड दहा. तुझ्याच अक्षरात.” मग बोट पुढे सरकलं. “आणि हाच तेवढा का रिकामा?”

मी सांगायला हवं होतं की बाकीचे तीन खोटे आहेत. पण तेव्हा वरच्या सगळ्या ओळींकडे नजर गेली. नाही, नाही, नाही. एकाच शाईत.

“तू लिहितेस ते खोटं, का बोलतेस ते?” तिचा आवाज चढला नाही. डोळे भरले होते. तिने स्वल्पूला हाक मारली.

स्वल्पू खाली बसून खडू गोळा करत होती. गोळा केलेले माझ्या हातात द्यायला आली, माझी बोटं पाहिली, आणि खडू हळूच जमिनीवरच ठेवले. ताईने तिचं बोट धरून तिला बाहेर नेलं. लिफ्टमधून मान बाहेर काढून स्वल्पू म्हणाली, “मावशी, मग,”

दार लागलं.

७ जून, सोमवार, सकाळी ६.३०

ताई फोन घेत नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यात नऊला कुणीतरी फोन उचलेल. समुपदेशक बाईंना सगळे तक्ते परत मागायचेत. अक्षर वाकडं येतंय, अण्णांनी लाल पेन काढलं असतं.

नवा तक्ता. फक्त आजची ओळ.

मूड : १
वेदना : ९
झोप : २
दारू : दिवस संपल्यावर भरीन.