मागून मारलेली हाक

अण्णा, येत्या रविवारी मला बेचाळीस किलोमीटर पळायचं आहे आणि या आठवड्यात मन उभारीच धरत नाही. पाय ठीक आहेत. परवा टँकबंडवर, तलावाकाठच्या रस्त्यावर, आमचा कोच सगळ्यांना सांगत होता, "तीस के बाद पैरां जवाब दे देते. अपनी अपनी वजह सोच के रखो." कुणी शुगर म्हणालं, कुणी सुटलेलं पोट. मी "हेल्थ" म्हणाले आणि पुढे पळाले. खोटं बोलले. माझं कारण तुम्ही आहात. तुमच्यावरचा राग.

तुम्ही बेगम बाजारातल्या आपल्या मिरचीच्या दुकानाला निघालात की घरात कुणी तोंड उघडत नसे. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. मारलीच, तर त्यानं परत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं, मगच जायचं. लहानपणी एकदा मी "अण्णा, पेन्सिल आणा!" म्हणून ओरडले, तर तुम्ही जिन्यातून परत आलात आणि पाटावर बसून म्हणालात, "झाला सौदा! आता व्यापाऱ्याला सांगतो, आमच्या बाईसाहेबांची पेन्सिल आडवी आली." सगळे हसले, मी रडले. पण नियम पक्का शिकले.

म्हणूनच ती दुसरी सकाळ मला अजून पचत नाही. कॉलेजचं शेवटचं वर्ष, विद्यापीठाच्या संघाची निवड. निवडले गेले असते तर संघाबरोबर परगावी जायचं होतं. तुम्ही आधी हो म्हणाला होतात. पळायचे बूटही तुम्हीच आणले होते, आणि शेजारच्या दुकानदाराला "हमारी बच्ची घोड़े के सरीकी भागती" असं सांगताना मी तुम्हाला ऐकलंय. हे न लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. मी जिना उतरतेय आणि वरून तुमचा आवाज येतो, "अगं, ऐक!" मी परत येते. "काय, अण्णा?" "काही नाही. आता आलीच आहेस तर बस. पाणी पी." पाणी पिऊन होतं. मग तुम्ही आईला चहा टाकायला सांगता. "अण्णा, उशीर होईल." "मागून हाक पडली गं. आता अशी गेलीस तर काय मिळणार?" आई खाली मान घालून चहा गाळतेय. आणि मी बसले. तुमच्या नियमाचा मान राखून बसले! मैदानावर पोचले तेव्हा माझी शर्यत सुटून गेली होती.

नको म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचं होतं. "मुलीनं परगावी जायचं नाही" एवढं बोलायला काय जात होतं? मी भांडले असते, कदाचित हरलेही असते, पण कुणाशी हरले ते तरी कळलं असतं. तुम्ही शकुनाला पुढे केलंत आणि स्वतः चांगले राहिलात. अर्थात, हाक मुद्दाम मारलीत हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि आता विचारायला तुम्ही राहिला नाहीत. खरंच काही सांगायचं असेल, ऐनवेळी विसरला असाल. तसं असेल तर इतकी वर्षं मी कुणावर चिडून पळतेय? आणि तो रागच गेला, तर रविवारी तिसाव्या किलोमीटरनंतर माझ्याजवळ काय उरणार?

काल नवरा म्हणाला, "हाफ कर ना. एकवीस काय कमी आहेत, या वयात?" मी उसळलेच. "फुलच पळणार." "बरं बाई, पळ. केळी आणून ठेवतो." निदान तो समोरून बोलला.

हे आईला वाचून दाखवणार नाही. ती म्हणेल, "सोड आता." तिला सांगता येणार नाही ते एवढंच. आज पहाटेही हिमायतनगरच्या आमच्या जिन्यात पहिल्या वळणावर थांबले, रोज थांबते तशी. वाकून बुटाची नाडी बघते, ती बांधलेलीच असते. तुम्ही हाक मारता का ते ऐकते, अण्णा. मारलीत तर या वेळी वळायचं नाही, असं रोज ठरवलेलं असतं. आज मात्र तशी खात्री वाटली नाही.